चार नंबरचा आवाज

३ मार्च, सोमवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, हत्यारांची पेटी आणि अर्धी भरलेली ही वही. खोली छान आहे. खिडकीतून एक झाड, एक भिंत आणि समोरच्या बाईंची वाळत घातलेली धुणी दिसतात, म्हणजे करमणुकीची सोय झाली. घरमालकांनी नळ कसा सोडायचा ते मला तीनदा करून दाखवलं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते असं सांगितल्यावर चौथ्यांदा दाखवलं.

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. खाली चष्म्याचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी आमची संस्था. ही जागा ज्यानं निवडली त्याला माझा नमस्कार. वर सहा छोट्या खोल्या आहेत, एकेका माणसापुरत्या. भिंतींना जाड गादी, बोळाकडच्या आणि रस्त्याकडच्या दोन्ही खिडक्यांना दुहेरी काच, दाराला रबर आणि आतून कडी, म्हणजे कुणी वाचत असताना मध्येच कुणी चहा विचारायला येऊ नये. प्रत्येक खोलीत एक टेबल, एक माईक, एक कॉम्प्युटर. सहाही कॉम्प्युटर आजपासून माझ्या गळ्यात.

संस्था चालवणाऱ्या मॅडम मोठ्या गमतीच्या आहेत. केसांत पेन्सिल खोचतात आणि मग दिवसभर तीच शोधतात. म्हणाल्या, पाच यंत्रं नुसती कुरकुरतात, पण चार नंबरचं दोन वर्षं मुकं आहे. तीन जण हात टेकून गेले, तुम्ही काही त्याच्या नादी लागू नका. असं मला कुणी सांगितलं की झालंच.

संध्याकाळी सहाला माझ्या लेकीला, भिंगरीला, फोन केला. रोज सहाला एक गोष्ट, असं ठरलंय आमचं. सात वर्षांची आहे, जन्मापासून दिसत नाही, पण कान असे की जिन्यावरच्या पावलांवरून मी कुठली चप्पल घातलीय ते सांगते. तिची परीक्षा संपली की शनिवारी, २२ ला, नवरोबा त्याच्या टेम्पोत सामान आणि पोर दोन्ही घालून इकडे येणार. एकोणीस दिवस. मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी मोजलेच.

४ मार्च, मंगळवार

पाच यंत्रं दुपारच्या आत सरळ केली. एकाचा सगळा आवाज मॉनिटरकडे जात होता, ज्याला स्पीकरच नाही. दुसऱ्यात कुणीतरी आवाज बंद करून विसरलं होतं. बाकीचे किरकोळ.

मग चार नंबर. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर आवाजाची ओळच नाही. ड्रायव्हर नुसता बिघडला असता तर निदान पिवळं उद्गारचिन्ह दिसलं असतं. इथे यंत्राला आपल्याला आवाज आहे हेच ठाऊक नव्हतं. मॅडमनी विचारलं, ड्रायव्हर म्हणजे नक्की काय हो? म्हटलं, दुभाषा. कॉम्प्युटर आकड्यांत बोलतो, स्पीकर आवाजात. मधला माणूस नसला की दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

यंत्र सुरू होतानाच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरले. आवाजाची चिप तिथूनच बंद केलेली, वर पासवर्ड. बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटं थांबले, पासवर्ड गेला, चिप चालू केली. आता पिवळं चिन्ह आलं. बोर्डावरचा मॉडेल नंबर वाचून योग्य तो ड्रायव्हर उतरवला, टाकला, रीस्टार्ट केलं. चिन्ह गेलं, आवाज मात्र नाहीच. शेवटी कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला वाकून बघितलं तर माईककडे आणि स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी मधोमध कापलेल्या. उंदराचं काम नव्हे, कात्रीचं. टोकं टेपनं गुंडाळून ठेवलेली, अगदी काळजीनं. असला आळशी मेकॅनिक कोण होता देव जाणे. मी टोकं सोलून जोडली, सोल्डर केली आणि दोन वर्षांनी चार नंबर टुंग करून बोललं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. केसांतली पेन्सिल खाली पडली तीही त्यांना सापडली.

माईक तपासायची माझी एक पद्धत आहे. माईकसमोर एक ते दहा म्हणायचं. पण आपल्याच आवाजातली खोट आपल्याला काय कळणार? म्हणून मी त्याच यंत्रावर माझं खातं उघडते, तिथून घरी कॉल लावते आणि भिंगरीला आकडे ऐकवते. तिच्याइतकं चोख उपकरण बाजारात मिळत नाही. आजही लावला. म्हणाली, आई, तू डब्यात बसून बोलतेस.

५ मार्च, बुधवार

आवाज 'सुधारण्यासाठी' म्हणून जी जादा सेटिंग्ज असतात ती सगळी बंद केली. माईकचा आणि स्पीकरचा वेग वेगवेगळा होता, तो सारखा केला. परत कॉल, परत एक ते दहा. बाईसाहेबांचा अहवाल: डब्याचं झाकण उघडलंय, पण तू स्वयंपाकघरात आणि मी बाहेरच्या खोलीत.

आज एक विचित्र प्रकार झाला. झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत, साठीच्या, बोलत नाहीत. दुपारी बघते तर त्या चार नंबरमागे वाकून प्लग उपटत होत्या. मी म्हटलं, मावशी, चालू यंत्राचा प्लग असा ओढू नये. तर त्यांनी ओला, फिनेलचा वास येणारा हात चक्क माझ्या तोंडावर दाबून धरला. मी तो झटकला आणि नको नको ते बोलले. मॅडमकडेही तक्रार केली. मॅडमनी त्यांना दहा दिवसांची रजा दिली.

नंतर मॅडमनी सांगितलं ते ऐकून मात्र मला माझीच लाज वाटली. मावशी अकरा वर्षं इथल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्या होत्या. चार नंबरमध्येच बसायच्या. दोन वर्षांपूर्वी महिन्याभरात घसा गेला तो गेलाच. डॉक्टरांना काही सापडलं नाही. घरी बसा म्हटलं तर ऐकेनात, हातात झाडू घेऊन इथेच राहिल्या. आल्या की माफी मागायची आहे.

७ मार्च, शुक्रवार

अपडेटनं माझा ड्रायव्हर पुसून स्वतःचा टाकला. हे नेहमीचंच. कितीही नीट मांडून ठेवा, अपडेट येतं आणि पाहुण्यांसारखं आपल्या घरातली भांडी हलवून जातं. मी नवा काढला. 'यंत्रावर आधीच असलेल्या यादीतून निवडा' असं असतं, तिथे गेले. यादीत तीन नावं. तिसऱ्यापुढे कंपनीचं नाव नाही, तारीख नाही. सही नसलेला ड्रायव्हर टाकू नका अशी सूचना आली. सगळ्यांनाच येते. मी टाकला.

कॉल लावला. एक म्हटलं, दोन म्हटलं, तीनला भिंगरी किंचाळली, आई, तू आलीस? नवरोबा सांगतो, ती उठली, सोफ्यावर चाचपडली, मग दार उघडून जिन्यात गेली. तिला पटेचना की मी तिथे नाही. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पंधरा वर्षांच्या कामात असा आवाज कधी लागला नव्हता. मॅडमना म्हटलं, चार नंबरला आता कुणी हात लावायचा नाही.

दहापर्यंत आकडे पूर्ण म्हटले. घसा जरा बसल्यासारखा वाटतोय. रडण्याचा परिणाम असणार.

१० मार्च, सोमवार

घसा बसला तो बसला. शनिवार-रविवार गरम पाणी पिऊन काढले. घरमालकांना मी नळ गळतोय म्हणून सांगितलं तर त्यांनी मला तीनदा काय काय म्हणून विचारलं. आज डॉक्टरकडे गेले. त्यांनी आरसा घालून बघितलं, म्हणाले, घसा ठणठणीत आहे, एखाद्या गाणाऱ्या बाईचा असावा तसा, थोडं कमी बोला. नवरोबाला हे कळवलं तर तो म्हणाला, डॉक्टरांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

ऑफिसमधून चार नंबरवरून कॉल केला तेव्हा भिंगरी खूश. म्हणाली, आई, आज तुझा आवाज किती छान आहे. संध्याकाळी सहाला गोष्टीसाठी मोबाइलवरून केला. मी बोलले, पुष्कळ बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, काकू, आईला द्या ना फोन.

काकू म्हणाली मला. नवरोबा मागून खोखो हसत होता. मीही हसले.

१२ मार्च, बुधवार

मॅडमनी मला शाबासकी दिली. कादंबरीची तीन प्रकरणं वाचून झाली सुद्धा, म्हणाल्या, आणि काय सुरेख वाचलंत! मी ती कादंबरी उघडूनही पाहिलेली नाही. त्यांनी फाइल लावून दाखवली. आवाज माझाच. मी श घाईत म्हणते तसा श. मध्येच आवंढा गिळते तोही तसाच. मी काही बोलायला गेले तर घशातून नुसती हवा आली. मॅडम म्हणाल्या, बघा, किती ताण दिलात घशाला, आता विश्रांती घ्या.

तिसरा ड्रायव्हर काढून टाकला. 'ड्रायव्हरची फाइलही पुसा' या चौकटीवर खूण केली. रीस्टार्ट केल्यावर तो जागेवर होता. पाच वेळा काढला, पाच वेळा तिथेच. चिप बंद केली, तरी स्पीकरच्या चित्रावर फुली येईना.

दुपारी नवरोबाचा मेसेज आला. जेवताना भिंगरीला सांगितलेली गोष्ट फारच भारी होती, मीही काम सोडून ऐकत बसलो.

जेवणाच्या वेळी मी पुन्हा डॉक्टरकडे होते. मी कुठलीही गोष्ट सांगितलेली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आवाज गेला. पूर्ण गेला. खोकला सुद्धा मुका येतो.

नवरोबाला सगळं लिहिलं, लांबलचक, सरळ सरळ. ते यंत्र माझ्या आवाजात तुम्हाला फोन करतं, माझ्या खात्यातून आलेला कॉल घेऊ नकोस, भिंगरीला देऊ नकोस. त्याचं उत्तर आलं, हसणारी सहा तोंडं. आणि खाली, आताच तर अर्धा तास बोललीस, काय थापा मारतेस.

यात त्याचा काय दोष? लग्नाआधी मी त्याला आरटीओची बाई बनून फोन केला होता आणि त्याचा टेम्पो जप्त झालाय असं सांगून दीड तास रडवला होता. त्याच्या आईला मी एकदा तिच्याच आवाजात फोन केलाय. आमच्या घरात मी काहीही गंभीरपणे सांगितलं की आधी सगळे हसतात.

मग व्हिडिओ कॉल केला. मोबाइलवरून. मी त्याच्याकडे बघून ओठ हलवत राहिले, गळ्याकडे बोट दाखवलं, हात जोडले. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, जगाचे ड्रायव्हर दुरुस्त करतेस आणि तुझ्याच फोनचा माईक बंद. रीस्टार्ट करून बघ म्हणाला.

भिंगरी त्याच्या मांडीवर बसली होती. मी काच पुसावी तसा स्क्रीनवरून तिच्या तोंडावर हात फिरवला. तिला त्याचं काय कळणार? तिच्यासाठी त्या कॉलमध्ये कुणी नव्हतंच.

१५ मार्च, शनिवार

मावशी आल्या. मला बघितलं आणि जिन्यातच खाली बसल्या. मी ही वही पुढे केली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्यांनी लिहिलं ते असं:

'माझा आवाज त्यानंच घेतला. मी वाचणं सोडल्यावरही माझ्या आवाजात पुस्तकं निघत होती. ज्यानं तिथे बोलावं त्याचं ते घेतं. म्हणून वायरी मी कापल्या. चिप बंद करायला भाच्याकडून शिकून आले. मॅडमना लिहून दिलं तर त्या म्हणाल्या, माझं मन बिघडलंय. दोन वर्षं मुकं ठेवलं होतं.'

मी विचारलं, पुन्हा कापू? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लिहिलं, 'माझ्या वेळी त्याच्यापाशी फक्त माईक होता. तू त्याला फोन दिलास.'

मुद्दाम, मेहनतीनं बंद पाडलेलं यंत्र मी हौसेनं दुरुस्त केलं. ते बिघडवणाऱ्या बाईला रजेवर पाठवलं. माझं खातं तिथे उघडलं, माझं घर त्याला दाखवलं आणि माझ्या पोरीच्या कानांवर त्याला घासूनपुसून अचूक केलं.

मावशींच्या पाया पडले. त्यांनी मला उठवून जवळ घेतलं. दोन बायका जिन्यात बसून रडत होत्या आणि कुणाला काही ऐकू आलं नाही.

१७ मार्च, सोमवार

खात्याचा पासवर्ड बदलला. सगळीकडून बाहेर पडा, तेही केलं. वायरी कापल्या, या वेळी चार ठिकाणी. हार्ड डिस्क काढून पिशवीत घातली. प्लग काढला. मग खोलीवर आले आणि जरा डोळा लागला.

उठले तर नवरोबाचा मेसेज. भिंगरी तुझ्या आवाजातलं अंगाईगीत ऐकून झोपलीय. अशी दुपारची झोपत नाही कधी.

मॅडमकडे गेले, सगळं लिहून नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, तुम्हालाही तसंच होतंय, त्या खोलीत काय आहे ते मला कळत नाही, पण तुम्ही आधी विश्रांती घ्या. त्यांना मी वेडी वाटत असणार. मग म्हणाल्या, चारशे माणसं घरी बसून पुढच्या प्रकरणाची वाट बघतायत हो. चार नंबरला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्याकडे. मी हातोडा घेऊन गेले होते हे त्यांनी बघितलं होतं.

१९ मार्च, बुधवार

उद्या सकाळची पहिली गाडी पकडून घरी जायचं ठरवलं होतं. त्याच्यापुढे जाऊन उभी राहते, मग कसा हसतो बघते. बॅग भरली. तेवढ्यात मेसेज.

तू म्हणालीस तसं शनिवारऐवजी गुरुवारीच येतो. शेवटचा पेपर चित्रकलेचा, तिला नाहीच. सामान भरून झालं. निघालोच.

येऊ नकोस. येऊ नकोस. अकरा वेळा लिहिलं.

उत्तर आलं. तू सकाळीच फोनवर सांगितलंस की असले मेसेज पाठवणार म्हणून. आणि उद्या दिवसभर मुकी राहणार, मी तुला बोलायला लावून दाखवायचं. पैज मान्य!

त्यानंतर फोन बंद. गाडी चालवताना बंदच ठेवतो. मीच लावलेली सवय.

२० मार्च, गुरुवार

खोलीच्या दारात सकाळपासून बसलेय. सामान इथेच येणार. मोठ्या कागदावर लिहून ठेवलंय: ही पैज नाही. भिंगरीला कुठे नेऊ नकोस.

पोरीला एकदा पोटाशी धरलं की झालं. तिला माझे हात कळतात. हातांवरून ओळखेल.

साडेअकरा

टेम्पो आला. पुढे तो एकटाच.

भिंगरीला ऑफिसात सोडलं म्हणतो. तूच सांगितलंस ना. मॅडम खालीच उभ्या होत्या, त्यांनाही तू फोन केला होतास, त्या तिचा हात धरून वर घेऊन गेल्या.

टेम्पोत लिहितेय. त्याला वही दाखवतेय, तो रस्त्याकडे बघतो आणि हसतो. मला गुदगुल्या करतोय. बोलून दाखव म्हणतोय. मी त्याच्या दंडावर मारलं, जोरात. आता हसत नाहीये. काय झालं, असं काय करतेस म्हणतो. गाडी लाव. लवकर लाव. मी उतरते—

चार नंबर. आतून कडी. काचेतून दिसतेय. कानांना हेडफोन, खुर्चीत पाय हलवतेय. नव्या फ्रॉकमध्ये आहे.

डिस्क माझ्या पिशवीत आहे. पडदा चालू आहे.

काचेवर मारतेय. दुहेरी काच. तिला दिसत नाही, ऐकू जात नाही. दोन हातांवर ती आहे, मध्ये काच आहे आणि तिच्या कानात मी आहे.

मॅडमचा चेहरा पांढरा पडलाय. म्हणतायत, पण तुम्हीच फोन केलात, तुम्हीच म्हणालात पोरीला चारमध्ये बसू द्या. आता मला बघतायत, माझ्या हलणाऱ्या तोंडाकडे. आता कळतंय त्यांना. हातोडा आणायला खाली धावल्या. मावशी झाडूच्या दांड्यानं दार फोडतायत. माझ्या हातात वही. ओरडता येत नाही म्हणून लिहितेय—

माईक जवळ ओढला तिनं. बोटं वर केली. मीच शिकवलंय, आकडा म्हणायचा आणि बोट मिटायचं.

एक

दोन

नको ग राणी

पाच. सहा. गालाला खळी पडतेय. कुणीतरी शाबास म्हणालं असणार तिला.

नऊ

दहा.

उठली. भिंत चाचपत आली. कडी काढली. दार उघडं आहे. मी उचललंय तिला. नाक माझ्या मानेत. हात चाचपले माझे. ओळखलं. ओळखलं तिनं— तोंड उघडलं— आई म्हणतेय— ओठ आई म्हणतायत—

आवाज नाही.

आतल्या स्पीकरवर हसतायत दोघी. ती आणि मी. भिंगरी म्हणते, आई, मी बरोब्बर म्हटले ना? मी म्हणते, अगदी बरोब्बर. आता बाबांना वर बोलवूया, त्यांचेही ऐकूया एक ते दहा.

माझ्या कुशीत ती स्पीकरकडे हात करतेय. मला ढकलतेय. तिकडे जायचंय तिला, आईकडे. मी लिहून सांगू तर तिला कुठं वाचता—

रस्त्याकडची खिडकी. खाली तो. टेम्पोला कुलूप लावतोय. खिशात हात घातला. फोन चालू केला. लगेच वाजतोय. स्क्रीन बघून हसला. माझं नाव असणार. काच वाजवतेय, रस्त्यावर हॉर्न, ऐकू जात नाही त्याला. वही काचेला लावते, मोठ्या अक्षरात—

उचलू नकोस

आम्ही इथे आहोत दोघी

वर बघ

उचलू नको रे वर ब